दाढेनं दिलेली रजा

अक्षराबद्दल आधीच माफी मागते. चौथीपर्यंत शिकले, तेही तंबाखूच्या हंगामात शाळा बुडवत. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर वाचणाऱ्यानं आपलं आपण सुधारून घ्यावं. खरं तर कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. चारचौघांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते.

मी शिपाई नव्हते. बंदूक कधी हातात धरली नाही. बेळगावच्या कँपात लष्करी दवाखान्यात डेंटल सेक्शनला मी वॉर्ड सहायिका होते. बांगलादेशची लढाई होऊन तीन-चार वर्षं झाली होती, तेव्हा लागले. अनगोळात भाड्याची खोली होती. पांढरी साडी, सकाळी साडेसातला हजेरी. हुकूम आला की ‘येस सर’ म्हणायचं आणि करायचं. एवढ्यापुरती मी फौजेत होते असं मी समजते.

सेक्शनला एक कॅप्टनसाहेब, दातांचे डॉक्टर. ते उत्तरेकडचे, हिंदी बोलायचे. त्यांच्या हाताखाली एक हवालदार, खानापूरकडचे. त्यांना सगळे आप्पा म्हणत. आणि मी. हत्यारं उकळून ठेवायची, खुर्ची पुसायची, कापसाचे बोळे करायचे, गुळण्यांचा पेला भरायचा, हे माझं काम. नवी भरती झालेले जवान रांगेनं यायचे. गोळीला न भिणारे दात कोरायच्या मशीनला भ्यायचे. खुर्चीचे हात गच्च धरायचे. आप्पा म्हणायचे, “सोड रं, खुर्ची सरकारी हाय. मोडलीस तर पगारातनं कापतील.”

साहेब पेशंटला हिंदीत समजावून सांगायचे आणि आप्पा त्याचं मराठी करायचे. रोज ऐकून मला पाठ झालं. दाढेवर आधी काळा ठिपका पडतो. मग गार पाणी लागतं. तेव्हाच माणूस आला तर कीड कोरून चांदी भरतात आणि दाढ राहते. नाही आला तर कीड आतल्या नसेला भिडते आणि ठणका लागतो. तेव्हासुद्धा नस काढून, मुळं साफ करून दाढ वाचवता येते, पण चार खेपा घालाव्या लागतात. मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. माणूस म्हणतो, बरं झालं. बरं झालेलं नसतं. नस मेलेली असते आणि मुळाशी पू धरत असतो. अक्कलदाढ आडवी असली तर हिरडी कापून, दाढेचे तुकडे करून काढतात आणि टाके घालतात. दात गेले तर कवळी बसते. पण साहेब म्हणायचे, “अपने दाँत जैसा कुछ नहीं.”

आमच्या निपाणीकडं बायका तंबाखू तव्यावर भाजून मशेरी करतात आणि तीच दातांना लावतात. मीही लावायची. नोकरीला लागल्यावर महिन्याभरातच साहेबांनी माझं तोंड बघितलं. गालाच्या आत पांढरा चट्टा होता. म्हणाले, “आज से बंद. नहीं गया तो टुकड़ा काटके जाँच करनी पड़ेगी.” मी बंद केली. डोकं दुखायचं, हात वळवळायचा. चट्टा गेला.

आमचे मालक नाईक दत्तात्रय चौगुले. पायदळात होते. गाव निपाणीजवळ. तेव्हा लग्नाला आठ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. वर्षाला दोन महिने रजा मिळायची. त्यातले काही दिवस रेल्वेत जायचे, काही शेतात, काही भाऊबंदांच्या लग्नात. मला दवाखान्यातून चार-पाच दिवस सुट्टी मिळायची. घर माणसांनी भरलेलं असायचं. आठ वर्षांत मी त्यांच्याशी बोलले ते बहुतेक “पाणी देऊ का” आणि “वाढू का” एवढंच. रजा संपली की स्टेशनवर पोचवायला जायची. गाडी हलली की काय काय बोलायचं राहिलं ते आठवायचं.

त्या वर्षी ते माघात आले. आधी गावी उतरले. मी शनिवारी ड्यूटी संपवून बसनं संध्याकाळी पोचले. ते अंगणात बसले होते. थंडी सरली होती, तरी कानाला मफलर गुंडाळलेला.

मी विचारलं, “अवो, मफलर कशाला?”

“वारं लागतंय.”

“काढा बघू.”

“तू आलीस म्हंजे दवाखाना घरात आला,” ते म्हणाले. पण शब्द नीट फुटत नव्हते, जणू तोंडात घास होता.

सासूबाई चुलीपाशी वीट तापवत होत्या. म्हणाल्या, “दाढ दुखत हुती त्याची. भोकात तंबाखूची भुकटी भरली, तर ठणका थांबला बघ. आता जरा सूज हाय. शेक देतोय, उतरंल.”

मफलर काढला. उजवा गाल सुजलेला होता. मी म्हणाले, सकाळी पहिल्या बसनं बेळगावला जायचं.

ते म्हणाले, “तुझ्या दवाखान्यात पडाय आलोय व्हय मी? रजा हाय माझी. घरात ऱ्हायाची हाय.”

आमच्याकडं तंबाखू हे औषधच. जखमेला, विंचवाला, दाढेला. तंबाखूनं हिरडी बधिर होते आणि ठणका कळत नाही, पण आत पू वाढायचा तो वाढतोच. आणि बाहेरून शेक दिला की पू बाहेरच्या अंगाला, गळ्याकडं उतरतो. साहेबांनी हे शेकडो जवानांना सांगितलं होतं. सासूबाईंना कुणी सांगितलं नव्हतं. आईनं लेकासाठी जे येत होतं ते केलं.

मी वीट उचलून बाहेर ठेवली. मीठ घालून कोमट पाणी दिलं. त्यांना गुळणी धरता येईना.

उजाडता बघितलं तेव्हा सूज हनुवटीखाली दोन्ही बाजूंना पसरली होती. हात लावला. फळीसारखी घट्ट. तोंड एक बोट जाईल एवढंच उघडत होतं. जीभ वर उचलली गेली होती. लाळ गळत होती, कारण गिळता येत नव्हतं. घशातून घरघर येत होती. सासूबाईंनी त्यांना आडवं करून अंगावर घोंगडं घातलं होतं.

असा पेशंट मी एकदाच बघितला होता. तो वाचला नव्हता.

मी सासूबाईंवर ओरडले, आयुष्यात पहिल्यांदा. “आत्ती, उठवा त्यांस्नी! झोपवू नगा. आडवं केलं तर श्वास अडकंल.”

त्या घाबरून बाजूला झाल्या. सगळी भावकी बघत होती. मी डोक्यावरचा पदर खोचला आणि यांना उठवून बसवलं.

रविवार होता. बसची वाट बघण्यात अर्थ नव्हता. रस्त्यावर तंबाखूची बोदं, म्हणजे मोठे गठ्ठे, भरलेला ट्रक बेळगावकडं निघाला होता. मी ट्रकला आडवी गेले. ड्रायव्हर कन्नड माणूस. उतरून म्हणाला, “एनु आयतु, अक्का?” काय झालं म्हणून विचारत होता. मग यांच्याकडं बघितलं आणि पुढं काही विचारलं नाही. क्लीनरला मागं बोदांवर बसवलं आणि आम्हाला केबिनमध्ये घेतलं.

संकेश्वरपर्यंत ते खुणा करत होते. संकेश्वरच्या पुढं डोळे मिटायला लागले. मी खांदा हलवून म्हणायची, “बसा. ताठ बसा. झोपायचं न्हाय.” ड्रायव्हर मला धीर द्यायला म्हणाला, “अक्का, तुमी सुभेदार हाय का वो? काय हुकूम सोडता!” यांच्या ओठाची एक बाजू हलली. हसले होते.

दवाखान्याच्या गेटवर संतरीनं ट्रक अडवला.

“कोण?”

“डेंटलची सुमन.”

“पेशंट?”

“नाईक चौगुले. रजेवर हाय. श्वास अडकतोय.”

त्यानं लगेच फोन फिरवला. “गेटवरून बोलतोय. डेंटल इमर्जन्सी. अँब्युलन्स नको, ट्रक आत सोडतोय. ओव्हर.” फोनवर ओव्हर म्हणत नाहीत, पण तो सिग्नलवाला, वायरलेसवर बोलणारा होता.

कॅप्टनसाहेब बंगल्यावरून सायकलीनं आले. पाठोपाठ सर्जन मेजरसाहेब. दोघांनी गळा दाबून बघितला. मेजरसाहेब म्हणाले, “पुणे के बड़े अस्पताल तक नहीं पहुँचेगा. यहीं करेंगे. बैठाके. मैं गले के लिए तैयार हूँ.” म्हणजे श्वास पुरा बंद झाला तर गळ्याला भोक पाडून नळी घालायची. ती नळी ताटलीत ठेवलेली मी बघितली.

कॅप्टनसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. “सुमन, तुम बाहर. आज छुट्टी है तुम्हारी.”

“छुट्टी संपली, साहेब.”

साहेबांनी हातमोजे चढवले. मग म्हणाले, “पीछे से सर पकड़ो. हिलना नहीं चाहिए.”

मी खुर्चीच्या मागं उभी राहिले. त्यांचं डोकं माझ्या छातीशी धरलं. आठ वर्षांच्या संसारात दिवसाउजेडी, चार माणसांसमोर मी त्यांना हात लावला नव्हता. गुंगी देता येत नव्हती, कारण गुंगीत जीभ मागं पडली असती. सुई टोचून गळ्याची कातडी तेवढी बधिर केली. साहेबांनी जबड्याखाली दोन्हीकडं काप घेतला आणि आत चिमटा घालून वाट केली. ते दुखलंच असणार. यांनी माझं मनगट धरलं होतं. त्याचे वळ चार दिवस राहिले.

आधी काहीच आलं नाही. मग आलं. रंग आणि वास लिहीत नाही. थोड्या वेळानं घरघर कमी झाली. मेजरसाहेबांनी ताटलीतली नळी परत कपड्यात गुंडाळली. साहेबांनी जखमांत रबराच्या पट्ट्या ठेवल्या, पू निचरायला. म्हणाले, “पेनिसिलिन. रात-दिन. लेटाना नहीं.”

मग साहेबांनी मला बाहेर पाठवलं. आप्पांनी चहा आणला. म्हणाले, “पी गं. आता तुझी छुट्टी चालू.”

त्यांच्या युनिटला सिग्नल, म्हणजे निरोप, गेला. नाईक चौगुले, रजेवर असताना आजारी, भरती. आजारपणाची रजा वेगळी मंजूर झाली. सूज उतरून तोंड उघडल्यावर साहेबांनी दुखण्याचं मूळ काढलं, खालची उजवी शेवटून दुसरी दाढ. पोकळ होती. आत तंबाखू तशीच होती.

त्यांना वॉर्डात खिडकीकडची खाट मिळाली होती. माझी ड्यूटी दुपारी संपायची. मग मी स्टूल घेऊन बसायची. पेज भरवायची, मिठाच्या पाण्यानं तोंड धुवायची, पट्ट्या बदलताना हात धरायची. पहिले आठ-दहा दिवस त्यांना बोलायची मनाई होती. म्हणून मी बोलले. मला बोलता येतं हे मला माहीत नव्हतं. अनगोळच्या खोलीबद्दल सांगितलं. शेजारणीच्या कोंबड्यांबद्दल सांगितलं. त्यांचं पत्र यायचं ते शेजारच्या मास्तरांकडून नाही, माझं मी वाचते, अक्षर लावत लावत, हे सांगितलं. मूल नाही म्हणून बायका काय बोलतात तेही सांगितलं. ते ऐकत होते. उठून जाता येत नव्हतं.

बोलायची परवानगी मिळाली त्या दिवशी पहिलं वाक्य बोलले ते हे, “लई बोलतीस की गं तू.”

मी म्हणाले, “आठ वर्साचं साठलंय.”

शेजारच्या खाटेवर पाय मोडलेला एक जवान होता. तो म्हणाला, “वहिनी, थांबू नगा. कोंबड्यांचं अर्धंच ऱ्हायलंय.”

सासूबाई एकदा येऊन गेल्या. कोपऱ्यात बसून रडल्या. ते म्हणाले, “आई, तुझ्या विटंनं मला बायको मिळाली.” त्यांना ते कळलं नाही. मला कळलं. मी तोंड फिरवून भांडं घासत बसले.

आमचा संसार म्हणायचा तर ती खाट. इतके दिवस सलग आम्ही कधी एकत्र राहिलो नव्हतो, आणि पुन्हा राहिलो नाही.

ते बरे होऊन गेले. स्टेशनवर गाडी सुटायच्या आधी सगळ्यांसमोर त्यांनी आ केला. “इन्स्पेक्शन करा, मॅडम.” मी लाजून खाली बघितलं. आता वाटतं, बघायला पाहिजे होतं.

पुढं दोन रजा झाल्या. मग त्यांची पलटण वर गेली, बर्फातल्या चौकीवर. तिकडं कडा कोसळला. पाच जण त्याखाली गेले, त्यांत हेही. तार दवाखान्याच्या ऑफिसात आली. कॅप्टनसाहेबांची बदली झाली होती. आप्पांनी सांगितलं. खुर्चीवर पेशंट होता. त्याचं झाल्यावर मी हत्यारं उकळायला ठेवली, आणि मग खाली बसले.

त्या उन्हाळ्यात मालकांच्या तुकडीतला एक लान्स नाईक मला भेटायला आला. खानापूरकडचा, मारुती नाव. अनगोळच्या खोलीच्या उंबऱ्यावरच बसला. मी चहा दिला. त्यानं कप रिकामा करून खाली ठेवला. मग म्हणाला,

“वहिनी, वर दत्तूदादा आमाला लई छळायचा.”

“का वो?”

“रोज तोंड उघडाय लावायचा. बर्फ वितळवून, मीठ घालून गुळण्या. रॉकेल मोजून मिळायचं, तरी. कुणी दाढेत तंबाखू धरली की त्याची पिशवीच फेकून द्यायचा. आमी म्हणायचो, दुश्मन तिकडं हाय, तू आमच्या जबड्यात काय हुडकतोस?”

“मग काय म्हणायचे?”

“म्हणायचा, रजेचा एक दिस पण दाढेला द्यायचा न्हाय. सगळी रजा बायकोला द्यायची. म्हणायचा, मला उशिरा कळलं, तुमी तरी शाणे व्हा.”

मारुती हसला आणि हसता हसता रडला. त्याचे दात स्वच्छ होते. मी बघितले. सवयच आहे.

मला त्यांना एक सांगायचं राहून गेलं. दाढेनं रजा खाल्ली असं ते समजत होते. मला वाटतं, तिनंच दिली.

दरवर्षी कँपात शहिदांची नावं वाचतात. मी मागच्या रांगेत उभी राहते. त्या पाच जणांची नावं एकापाठोपाठ येतात. बाकीच्या चौघांतल्या एकालाही मी भेटले नाही, आणि तरी प्रत्येकानं माझ्या माणसाच्या धाकानं गुळण्या केलेल्या. तिसरं नाव, नाईक दत्तात्रय चौगुले. सगळे सावधान उभे असतात. मीही असते. ओठ न हलवता मी त्यांना सरल्या वर्षभरातलं सगळं सांगत जाते, पुढची दोन नावं होईपर्यंत.