रामेनचे डोहाळे

आमच्या मुलीला डोहाळे लागले ते रामेनचे. रामेन म्हणजे हाडांच्या रश्श्यात सोडलेल्या जपानी शेवया. चिंचा, बोरं, गुलमंडीतली भेळ, असलं काही मागितलं असतं तर मी चप्पल घालायच्या आत हजर केलं असतं. पण लग्नानंतर जपानात राहिलेली बाई चिंचेवर कशाला भागवते?

पहिलं बाळंतपण माहेरी म्हणून ती आली खरी, पण आल्यापासून तिला अन्न जाईना. वरणाच्या वासानंही तोंड फिरवायची. शेवटी म्हणाली, "बाबा, इथं मला काहीच जात नाय. मी आपली परत जाते. तिकडंच होऊ दे बाळंतपण."

बायकोनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू जपान मीच वसवलाय. पहिलटकरीण माहेरून परत गेली तर नातेवाइकांना काय तोंड दाखवायचं, ही तिची काळजी. मला मात्र नातवंड सगळ्यांच्या आधी माझ्या हातात हवं होतं. म्हणून मी रामेन शोधायला निघालो.

आपलं शहर पडलं जागतिक पर्यटनाचं, इथं काय मिळत नाही! पहिल्या हॉटेलात मॅगीवर उकडलेलं अंडं आलं, आणि त्यावर शेव.

"ये जपानी है?"

"एकदम ओरिजनल, साहब. ऊपर से चीज मार दूँ?"

बजाजनगरात कारखान्यांमुळं परदेशी इंजिनिअर येतात, म्हणून तिथं मोठ्या आशेनं गेलो. मॅनेजर म्हणाला, "रामेन हाय की. मंचुरियनच्या ग्रेव्हीत देतो. जैन करू का?" हाडांचा रस्सा जैन करून देणारं दुसरं शहर जगात नसावं. अभिमानानं ऊर भरून आला.

शेवटी फर्दापूरला एक आचारी सापडला. लेणी बघायला येणाऱ्या जपानी मंडळींसाठी तो रांधायचा. त्यानं रस्सा किटलीत दिला, शेवया वेगळ्या दिल्या. मी नोकरीला लागल्यापासून ज्या रस्त्याचं काम चालू आहे, त्या रस्त्यानं ती किटली भाड्याच्या गाडीत मांडीवर धरून आणली.

बायकोनं झाकण उघडलं. "लई फिक्कं दिसतंय. फोडणी देऊ का?"

"खबरदार!" मी ओरडलो. संसारात पहिल्यांदाच तिनं माझं ऐकलं.

मुलीनं वाडगा तोंडाला लावून तळापर्यंत संपवला. "बाबा, अगदी तिकडच्यासारखं झालंय!" मी बायकोकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. आता पोरगी कुठं जात नाही.

आणि वाडगा खाली ठेवून पोरगी रडायला लागली. "आमच्या घराच्या कोपऱ्यावर असंच दुकान आहे. दर रविवारी आम्ही दोघं जातो. आता हे एकटेच जात असतील." मग डोळे पुसत म्हणाली, "बाबा, माझं तिकीट काढता का?"

काढलं. काय करणार?

नातू झाला तेव्हा आम्ही दोघांनी तो फोनच्या पडद्यावर पाहिला. इवलासा, कपड्यात गुंडाळलेला, दुसऱ्याच कुणाच्या तरी हातात. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. फोन बंद झाल्यावर बायकोनं तो पदरानं पुसून ठेवला. मग उठता उठता म्हणाली, "तरी मी म्हणत व्हते, फोडणी देऊ द्या."