मामाचे भेंडाचे मासे

आषाढी एकादशीला देव झोपी जात आणि त्यांच्याबरोबर आमची चूलही अर्धी झोपी जाई. आम्ही बाशिंगवाले. लग्नात नवरानवरीच्या कपाळावर भेंडाची बाशिंगं बांधतात, ती माझा मामा करायचा. चातुर्मासात लग्नं नाहीत, म्हणून बाशिंगं नाहीत, म्हणून कल्याणच्या आमच्या भाड्याच्या खोलीत कार्तिकापर्यंत सकाळी पेज आणि संध्याकाळी सकाळचीच पेज. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाकडे आली होती. खाणारी तोंडं तीन आणि कमावणारा एकटा मामा, तोही चार महिने रिकामा. यात लाजण्यासारखं मला तेव्हा काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

एका पावसाळ्यात मामा गिरणीच्या पिंजणखात्यात लागला. दोन महिन्यांत कापसाच्या धुरळ्याने त्याची छाती अशी भरली की माणूस बसल्या जागी शिट्टी वाजवू लागला. वैद्य म्हणाले, "पुन्हा तिथे गेलास तर मला बोलवू नकोस, चौघांना बोलव." तरी पुढच्या वर्षी ज्येष्ठ उजाडला तसा मामा म्हणाला, "जातो परत. तीन पोटं आहेत."

आई म्हणाली, "जा की. शिट्टी वाजवतच परत ये."

मामा दिसायला काडी, पण बोलणं सगळं मांडवातलं. कुणी घाई केली की म्हणायचा, "घाई नवऱ्याला असते, बाशिंगाला नसते." भाजी निवडतानाही आईला विचारायचा, "ही मेथी वऱ्हाडात बसेल का गं?" स्वतः मात्र बोहल्यावर चढला नाही. तयार झालेलं बाशिंग हातात धरून तो त्याच्याशी बोलायचा, "नीट वाग हं. पुरं गाव बघणार आहे तुला." आणि एक नियम तो कधी मोडत नसे. बाशिंगं जोडीनेच करायची, जोडीनेच द्यायची. एकटं बाशिंग त्याच्या खोलीतून कधी बाहेर पडलं नाही.

फिरोजशा साहेब आमच्या आयुष्यात आले ते त्याच ज्येष्ठातल्या एका लग्नात. ठाण्याच्या एका कारखान्यात ते इंजिनियर, आणि नवरदेव त्यांच्या हाताखालचा कारकून. पारशी गृहस्थ, पहिल्या रांगेत मानाने बसलेले. भटजी मंगलाष्टकं सुरू करणार एवढ्यात साहेब उठले, नवरदेवाजवळ गेले, त्याच्या बाशिंगाची एक कळी हळूच तोडली आणि सरळ भटजींच्या तांब्यात टाकली. साहेब तांब्यात डोकावून ओरडले, "अरे बावा, ए तो तरे छे! तरंगते!"

नवरदेवाचे वडील खवळले, पण साहेब पडला मुलाचा साहेब. मग सगळा राग मामावर. "कळी निखळतेच कशी तुझ्या बाशिंगाची?"

मामा साहेबांपुढे उभा राहिला. "साहेब, भेंड म्हणजे पाण्यातल्या झाडाचा गाभा. तो तरंगणारच. पण नवरदेवाला आज पोहायचं नाहीये."

साहेबांनी त्याचा हातच धरला. त्यांना मासे धरायचा नाद होता, तोही विलायती तऱ्हेचा. खरं आमिष लावायचं नाही. गळावर पिसं, रेशीम आणि चमकी बांधून खोटा छोटा मासा करायचा, आणि लांब दोरीने तो पाण्यावर असा नाचवायचा की मोठ्या माशाने फसावं. हे खोटे मासे विलायतेहून येत. लढाईपासून ते येणं बंद झालं होतं. भेंड, पीस, रेशीम, बेगड, हे सगळं ज्याच्या घरात पडलेलं आहे असा माणूस त्यांना भर मांडवात सापडला होता.

बोली अशी ठरली: मामाने बांधलेल्या माशाला कळव्याच्या खाडीतला एक जिताडा, म्हणजे तिथला दांडगा मासा, लागला, तर दर पावसाळ्यात साहेबांचं आणि त्यांच्या दोस्तांचं काम मामाचं. नाही लागला, तर गणपती झाल्यावर पिंजणखातं होतंच.

मामाने नमुन्याचा एक झिजलेला मासा समोर ठेवला आणि कामाला बसला. पातळ सुरीने भेंड सोलायचा, बोटभर माशाचा आकार, पोटाला रुपेरी बेगड, शेपटीला कोंबड्याचं पीस, डोळ्यांना काळे मणी. गळाभोवती रेशीम असं गुंडाळी की गाठ शोधून सापडू नये. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते. साहेबांच्या इंग्रजी चिठ्ठ्या वाचायला मामा मला सोबत नेऊ लागला. पहिली चिठ्ठी वाचून मी सांगितलं, "मामा, साहेब लिहितात, मासा बोई माशाच्या पिलासारखा दिसावा." मामा म्हणाला, "बोईच्या पिलाला कोण बघतं, वच्छे? नटवल्याशिवाय माणूस वळून बघत नाही, मासा काय बघणार?" आणि त्याने माशाच्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं.

नारळी पौर्णिमेनंतर आम्ही कळव्याला गेलो. खाजणाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, बांधात पाणी आत-बाहेर सोडायला दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला तिथून छोटे मासे बाहेर पडतात आणि तोंडाशी जिताडा टपून बसतो. तिथे काशीबाय नावाची कोळीण जाळं झाडत होती. मामाचा मासा हातात घेऊन ती हसली ती थांबेचना.

"याला वास नाय, चव नाय. मासा काय येडा हाय का रं?"

"वास नाही म्हणूनच विलायती आहे," मामा म्हणाला.

साहेबांनी दोरी फेकली. मासा पाण्यावर ऐटीत बसला. क्षणभराने त्याचं पोट सुटलं, मग शेपटी, मग डोळे. मामाने सगळं नेहमीसारखं गव्हाच्या खळीने चिकटवलं होतं. बाशिंगाला कधी पाणी लागतच नाही, त्यामुळे जन्मात त्याला दुसरं काही सुचलं नव्हतं. चिमुकली पिलं गोळा झाली आणि खळ चाटूनपुसून खाऊन गेली. दोरीच्या टोकाला नुसता गळ उरला.

"जेवण झालं वऱ्हाडाचं!" काशीबाय म्हणाली.

साहेब दोरी गुंडाळत राहिले. मामाची छाती त्या दिवशी कापसावाचूनच वाजत होती. पण निघताना काशीबायने हाक मारली, "ओ बाशिंगवाले! होरीच्या फटी आम्ही राळ नि तेल कढवून बुजवतो. पीठ खायाला असतं, पान्यात न्यायाला नाय." आणि तिने राळेचा एक खडा त्याच्या हातावर ठेवला.

गणपतीचं विसर्जन झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच उघाडी. या खेपेला मासे राळेने पक्के झाले होते. मामाने डबी उघडली. आत दोन. साहेबांनी एक उचलला, तसा मामाने तो त्यांच्या बोटांतून काढून घेतला.

"एकटा नाही सोडायचा. जोडी आहे."

"अरे बावा, एका दोरीला एक गळ असते!"

"मग दोन बांधा. नवरा पुढे, नवरी मागे."

"बीस वरस मी फिशिंग करते. तू मला शिकवते?"

"मासे धरणं तुमचं, साहेब. बांधणं माझं. माझ्या घरातून एकटं काही निघत नाही."

मी मामाचा सदरा ओढला. "मामा, एवढ्यासाठी पिंजणखात्यात जाशील?" तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "जाईन." पाणी झपाट्याने उतरत होतं. काशीबाय कमरेवर हात ठेवून ओरडली, "आरं सायबा, बांध ना दोन! पानी काय तुमचं भांडन सरंपर्यंत थांबतंय?"

साहेबांनी दात खाऊन दोन बांधले. बघच आता, कसा गुंता होतो, असा त्यांचा चेहरा. पहिल्या फेकीला नवरी मामाच्या टोपीत अडकली. दुसऱ्या फेकीला दोघं उघाडीच्या तोंडाशी पडली, पुढचं पळतंय आणि मागचं त्याच्या पाठी लागलंय अशी. पाणी एकदम फुटलं. दोरी सणसणली, साहेब चिखलात बसले आणि बसूनच ओढू लागले. बऱ्याच वेळाने काशीबायने कमरेइतक्या पाण्यात शिरून माझ्या हाताएवढा रुपेरी जिताडा कल्ल्यात बोटं घालून वर काढला. लागला होता मागच्याला.

"येडाच निघाला की गं बाय," ती म्हणाली.

साहेब चिखलाच्या हातांनी मामाला मिठी मारायला धावले. मामा मागे सरकला. "ते नंतर. आधी माझी नवरी काढा त्याच्या तोंडातून." ती निघाल्यावर त्याने ती धुतली, पीस फुंकून सारखं केलं आणि डबीत दुसऱ्याशेजारी ठेवली. तेव्हा कुठे तो बांधावर बसला आणि म्हणाला, "वच्छे, घरी जाऊन आईला सांग, मी शिट्टी वाजवायला जात नाही."

पुढे मुंबईहून साहेबलोकांच्या चिठ्ठ्या येत, की एकच नग पाठवा. मी इंग्रजीत उत्तर लिहीत असे: जोडी मोडत नाही. एकाने विचारलं, यामागे काही शास्त्र आहे का? मामा म्हणाला, "लिही त्याला, पोटासाठी जोडी मोडली असती तर शास्त्राचा आधार शोधावा लागला असता."

अकरा पावसाळे त्याने मासे बांधले. ऐन वैशाखात, लग्नसराईच्या गर्दीत, दोन दिवसांच्या तापाने तो गेला. तोवर तो गिरणीत पुन्हा गेला नाही, आम्ही बारा महिने दोन वेळा जेवलो, आणि त्यातल्या चौथ्या वर्षी मी बी.ए. झाले. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली.