या जेवायला

समोरच्या खिडकीतली मेघना नोकरी सोडून आता दिवसभर स्वयंपाकाचे व्हिडिओ करते. आज तिनं ताट वाढलं आणि डब्याला टेकवलेल्या फोनकडे बघून हसत म्हणाली, "या जेवायला!"

आमच्याकडे जेवणाऱ्यानं असं म्हटलं, की दारात आलेला माणूस "होऊ द्या सावकाश" म्हणतो. सवयीनं मीही खिडकीतून तेच म्हणाले.

ती दचकली. "काकू, तुमचा आवाज आला ना त्यात!"

तोंडाशी नेलेला घास तिनं ताटात परत ठेवला, पुन्हा हसू आणलं आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांना जेवायला बोलावलं. तिच्या घरात उत्तर द्यायला कुणीच नव्हतं. माझ्याही नव्हतं.

कडी वाजू न देता मी खिडकी लावून घेतली.