यजमानाने आग्रह करावा

"इटालियन काढून टाकू," ग्रेग म्हणाला आणि त्याने लॅपटॉप मिटला.

ग्रेग माझा बॉस. शिकागोजवळची आमची कंपनी भाषांच्या परीक्षा तयार करते. एका हॉटेल चेनला फ्रंट डेस्कसाठी जर्मन, फ्रेंच आणि इटालियन बोलणारा स्टाफ हवा होता. अट एकच: कुठल्याही भाषेत पास झालेला माणूस सारख्याच तयारीचा हवा. युरोपात भाषा येण्याच्या सहा पायऱ्या ठरलेल्या आहेत. आम्हाला त्यातली तिसरी हवी होती, म्हणजे रोजचे व्यवहार निभावता येण्याइतकी भाषा. तिन्ही भाषांना तेच प्रश्न, तीच गुणपद्धत. हे जुळवण्याचं काम माझं.

जर्मन आणि फ्रेंच जुळलं. इटालियनचे उमेदवार मात्र टास्क फोरमध्ये धडाधड नापास. बाकीच्या प्रश्नांत हीच माणसं छान बोलत होती.

टास्क फोर अगदी साधा. परीक्षक यजमान होतो आणि "आणखी वाढू का?" विचारतो. उमेदवाराने नम्रपणे नकार द्यायचा. शेवटी "बरं, वाढा" म्हटलं की शून्य.

इटालियनची परीक्षक पाओला. भाषा गेली की तिची नोकरीही जाणार होती. "माझे उमेदवार कच्चे नाहीत गं," ती मला पुन्हापुन्हा सांगत होती.

मी रेकॉर्डिंग्ज ऐकली. पाओला म्हणत होती, "एवढंसंच? आवडलं नाही का? माझी आई सकाळपासून स्वयंपाकघरात उभी आहे!" उमेदवार बिचारा चाचरत "वाढा" म्हणायचा. मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. उलट जर्मनची परीक्षक इन्ग्रिड एकदाच विचारायची आणि नकार मिळाला की "ठीक आहे" म्हणून पुढच्या प्रश्नाला लागायची. मला ती जरा तुसडी वाटली. तसा शेराही मी मारून ठेवला.

सोमवारी क्लायंटसमोर निकाल मांडायचे होते. पाओलाचा चेहरा बघवेना. शनिवारी मी पाओला आणि इन्ग्रिडला नेपरव्हिलला माझ्या घरी जेवायला बोलावलं. भरली वांगी, पोळ्या आणि श्रीखंड केलं होतं.

इन्ग्रिडची वाटी रिकामी झाली. मी डाव घेऊन पुढे झाले.

"नो, थँक यू," ती म्हणाली.

मी वाढलं. तिने ते मुकाट्याने संपवलं. मी पुन्हा डाव पुढे केला.

"नाही, खरंच नको."

"अगं, चक्का घरी टांगलाय. बाहेरचं नाहीये!" मी पुन्हा वाढलं.

"अगं, ती दोनदा नको म्हणाली ना यार," माझा नवरा नितीन कुजबुजला.

"पहिले दोन नको धरायचे नसतात."

इन्ग्रिडने विचारलं, "काय म्हणालीस?" मी इंग्लिशमध्ये सांगितलं. पाओलाने टेबलावर हात आपटला. "एक्झॅक्टली! तिसरा खरा!"

इन्ग्रिडने चमचा खाली ठेवला. "दिस इज टास्क फोर," ती म्हणाली. "परीक्षकांच्या सूचना तू लिहिल्यास ना? 'यजमानाने आग्रह करावा.' माणूस नाही म्हणाल्यावर आणखी काय करायचं, मला कळेना. मी ती ओळ सोडूनच दिली."

मी डाव हातात धरून तशीच उभी राहिले. उमेदवारांचं इटालियन कच्चं नव्हतंच. ते पाओलाच्या आग्रहापुढे हरले होते, आणि पाओलाने माझी ओळ मनापासून पाळली होती. मला लाजही वाटली आणि हसूही आवरेना.

मी लगेच ग्रेगला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"रेकॉर्डिंग ऐकून कळलं नाही तुला?"

"नाही. मला ते नॉर्मल वाटलं."

"किती वेळा विचारणं नॉर्मल असतं?"

"समोरचा खाईपर्यंत."

पलीकडून कीबोर्डची टकटक ऐकू आली; तो ते लिहून घेत होता. मग म्हणाला, "ओके. सोमवारी क्लायंटकडून वेळ मागून घेतो."

मी सूचना बदलली: यजमानाने ठरलेली दोन वाक्यं म्हणावीत आणि थांबावं. त्याच उमेदवारांचा टास्क फोर पुन्हा घेतला. पाओलाला थांबणं जड गेलं, ती ओठ चावत बसायची. इन्ग्रिडला दुसऱ्यांदा विचारणं जड गेलं, ती नंतर उमेदवाराला सॉरी म्हणायची. पण इटालियनचे निकाल बाकी दोन्ही भाषांच्या रांगेत येऊन बसले. इटालियन राहिलं आणि पाओलाही राहिली. इन्ग्रिडवरचा तो शेरा मी गुपचूप खोडला.

सगळ्यांना एकच मापदंड लावायचा असेल, तर आधी तो लिहिणाऱ्याच्या घरी जेवून यावं. जाताना पोट रिकामं ठेवावं.