शेनिनची वेल नापास झाली नव्हती

मुरलीभाऊजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी मळ्यात होते. पुतण्या म्हणाला, "काकू, बाबा गेले. सकाळीच." मी विचारलं, "चहा घेतला होता का?" अशा वेळी तोंडातून काय निघेल सांगता येत नाही... नाशिक रोडला त्यांच्या घरी पोचले, रडले, परत आले. पुढे त्यांच्या एका मित्राने पेपरात चार ओळी छापून आणल्या. मी चौथीपर्यंत शिकले आहे, तेवढं वाचता येतं. त्यात होतं की त्यांनी तरुणपणी परदेशी द्राक्षाचा प्रयोग केला, पण आपल्या हवेत ती वेल टिकली नाही. हे खोटं आहे. हे खोटं आधी मुरलीभाऊजींनीच सांगितलं आणि मी इतकी वर्षं गप्प बसून ते खरं होऊ दिलं. म्हणून लिहायला बसले.

भाऊजी माझे धाकटे दीर. मी दिंडोरीकडच्या या मळ्यात सून म्हणून आले तेव्हा ते शाळेत होते. पुढे शेतकी शिकून आले आणि ऐंशीच्या सुमाराला एक दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून वेलीच्या काड्या घेऊन आले. नाव सांगितलं शेनिन ब्लां. पांढऱ्या वाइनचं द्राक्ष. आमचे मालक, म्हणजे भाऊजींचे थोरले भाऊ, भडकले. "दारूचा मळा करतो काय? गावात तोंड दाखवायचं का नाय आम्ही?" शेवटी विहिरीकडचा अर्धा एकर दिला, तोही तोंड वाकडं करून. आमचं थॉमसन द्राक्ष लांबट, बिनबियांचं, बाजारात मागणी असलेलं. ही शेनिन म्हणजे वाटाण्याएवढे मणी, एकमेकांना चिकटलेले, शिवाय आत बी. मीसुद्धा म्हटलं, "भाऊजी, हे पोरंसुद्धा खायची नाहीत."

पहिलं पीक थोडंच आलं. ते त्यांनी तीनदा तोडलं. पहिल्यांदा हिरवट होतं तेव्हा, मग पंधरा दिवसांनी, आणि शेवटचे घड तर मणी पिवळे पडून सुरकुतायला लागले तोवर ठेवले. रस आंबवून तीन बरण्या भरल्या आणि मला हाक मारली. "वहिनी, जीभ लावा." मी म्हटलं, "देवाधर्माचं घर आहे." "मग वास तरी घ्या." पहिल्या बरणीला कैरी कापल्यासारखा वास होता, दुसरीला पेरूचा, तिसरीला मधाचा. खोटं कशाला बोलू, जीभ तिन्हींना लावली आणि तिसरीला दोनदा. "पहिलीची कढी करा," मी म्हटलं. ते हसले. "वहिनी, त्या हिरव्या द्राक्षाचीच फेसाळणारी वाइन करतात. साहेबलोक लग्नात बूच उडवतात ती. दुसरी जेवणाबरोबर घ्यायची, तिसरी जेवणानंतर." वेल तीच, तोडायचा दिवस वेगळा. मला ते पटलं. ज्वारी तीच असते, पण हुरडा वेगळा आणि भाकरी वेगळी.

दुसऱ्या वर्षी मुंबईहून वाइनसाठी द्राक्ष घेणारे एक साहेब मळा बघायला येणार होते. त्यांना द्राक्ष पसंत पडलं तर वेली राहणार, नाही तर उपटून तिथे थॉमसन लावणार, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. डिसेंबरात भाऊजी स्वतःच्या लग्नाच्या बोलणीसाठी नांदगावला गेले. जाताना म्हणाले, "वहिनी, शेनिनला काही लावायचं नाही." एवढंच. का नाही, ते सांगितलं नाही. याचा मला अजून राग येतो. शिकलेली माणसं आपल्याला कारण सांगत नाहीत. त्या आठवड्यात थॉमसनला जीए चालू होतं. जीए म्हणजे मणी फुगवायचं औषध. मगात घ्यायचं आणि एकेक घड त्यात बुडवायचा. या कामात माझा हात बसलेला. शेनिनचे ते किडमिडे घड बघून मला दया आली. म्हटलं, साहेब येणार, जरा भरलेले घड दिसले तर भाऊजींचं काम होईल. दोन बायका घेतल्या आणि सगळा अर्धा एकर बुडवून काढला.

भाऊजी परत आले, वेलींच्या मांडवाखाली गेले, एक घड हातात धरून उभे राहिले. मी विहिरीवरून बघत होते. मला वाटलं आता ओरडतील. ते हात धुऊन जेवायला बसले. पुढे काही मणी वेडेवाकडे फुगले, काही ज्वारीएवढेच राहिले. साहेबांनी दोन मणी चावले, थुंकले आणि गाडीत बसले. भाऊजींनी मालकांकडून आणखी एक वर्ष मागून घेतलं, पण त्या वर्षी वेलींना नुसती पानं आली, घड नाहीच. बी असलेल्या वेलीला हे औषध असं बाधतं, हे मला फार पुढे कळलं. मालकांनी विचारलं, "का रे, काय झालं हिला?" मी तिथेच भाकऱ्या थापत होते. भाऊजी म्हणाले, "हवा मानवली नाही, दादा." वेली उपटल्या. गावाने वर्षभर त्यांची टिंगल केली. त्यांनी नाशिक रोडला एका शाळेत कारकुनी धरली.

आता याच भागात शेनिनचे मळेच्या मळे आहेत. बाहेरगावची माणसं गाड्या करून तिची वाइन चाखायला येतात. हवा तीच आहे!

नोकरी लागल्यावर भाऊजी दर वर्षी डिसेंबरातल्या रविवारी मळ्यात यायचे आणि माझ्याबरोबर थॉमसनचे घड बुडवायचे. मी घड सरळ करायची, ते खालून औषधाचा मग धरायचे. एकदा मी धीर केला. "भाऊजी, त्या वेलींना मीच..." ते म्हणाले, "वहिनी, मान वर करा, हा घड राहिला." पुन्हा माझी छाती झाली नाही. मला चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मालकही हवेलाच दोष देत गेले.

परवा तो मग धरायला माझी सून होती. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, एवढे दुखावले होते तर काका येत कशाला होते दर वर्षी?" तिच्या मगातलं औषध माझ्या कोपरावरून ओघळत होतं, ते पुसलं. म्हटलं, "अगं, त्यांना हात लावायला दुसरी वेल कुठे राहिली होती..."