दोन बोटे पुढे

“सुरी चांगली होती की नव्हती, एवढंच सांगा. तुम्ही शिकलेली माणसं.”

माणिक जिनगर यांनी हा प्रश्न १९९९ च्या हिवाळ्यात विचारला, तेव्हा त्यांची भट्टी विझून चार महिने झाले होते. त्यांच्या आठवणी मी तेव्हा लिहून घेतल्या. या नोंदीत त्यांच्या आयुष्यातील अडीच-तीन वर्षांचा एकच धागा मांडला आहे. तो उलगडला तरी प्रश्न सुटेल, असा दावा नाही.

जिनगरांचे घराणे उज्जैनला शिंद्यांच्या फौजेबरोबर आले, असे घरात सांगितले जाई. तलवारींच्या मुठी बसवणे हे त्यांचे काम. तलवारी गेल्या, मुठी राहिल्या. माणिकरावांच्या वडिलांच्या काळापासून राम घाटाकडे उतरणाऱ्या गल्लीतल्या त्या कारखान्यात स्वयंपाकाच्या सुऱ्या होऊ लागल्या. घरातल्या बायका विळीवर चिरत, पण लग्नकार्यातले, भंडाऱ्यातले आचारी सुरी वापरत, आणि उज्जैनसारख्या तीर्थक्षेत्री भंडाऱ्यांना तोटा नव्हता.

पाते जिथे मुठीला मिळते त्या जागेला माणिकराव ‘गळा’ म्हणत. तयार सुरी ते तर्जनीवर आडवी ठेवत आणि ती कोणत्या बिंदूवर स्थिरावते ते पाहत. गळ्यापासून बरोबर दोन बोटे पुढे, पात्याच्या बाजूला, तोल मिळाला की सुरी उत्तीर्ण. मागे मिळाला तर मूठ कोरून हलकी करायची, फार पुढे गेला तर पाते घासायचे. हे माप वडिलांचे होते आणि त्यामागे अनुभवाचे शास्त्र होते. आचारी पाटावर मांडी घालून बसे, लाकडी फळी जमिनीवर असे, हात खांद्यातून खाली येई. अशा वेळी पुढे कललेले पाते स्वतःच्या वजनाने पडते. हाताने ते फक्त उचलायचे आणि वाट दाखवायची. १९९२ च्या सिंहस्थात एका अन्नक्षेत्रात अशा साठ सुऱ्या महिनाभर चालल्या. पहाटेपासून भोपळ्यांचे डोंगर कापणारे आचारी जेवणानंतर घाटावर बसून म्हणत, “माणिक भैया का चाकू खुद काटता है, हम तो बस बैठे रहते हैं.” हे वाक्य माणिकरावांनी मला किमान सहा वेळा ऐकवले.

त्यानंतरची चार वर्षे मात्र उतरणीची गेली. लग्नांची कंत्राटे घेणारे नवे लोक टेबले लावू लागले. बाजारात प्लास्टिकच्या मुठीच्या, पत्र्यासारख्या पातळ सुऱ्या आल्या. जुने आचारी थकले, त्यांच्या मुलांनी शहराच्या नव्या भागात, फ्रीगंजमध्ये, दुकाने थाटली. १९९६ च्या पावसाळ्यात भट्टी आठवड्यातून दोनच दिवस पेटत होती.

त्या ऑक्टोबरात सौमित्र गर्गे आला. वडील बँकेच्या नोकरीनिमित्त नागपूरहून आलेले, मुलगा उज्जैनातच वाढला आणि आता फ्रीगंजमध्ये उपाहारगृह काढत होता. स्वयंपाकघरासाठी इंदूरहून स्टीलच्या सुऱ्या आणण्याचे त्याने जवळजवळ ठरवले होते. केवळ ओळखीखातर तो डोकावला होता.

माणिकरावांनी त्याच्या दोन्ही हातांत एकेक सुरी दिली. “सांग सौमित्रभैया, जड कोणती?”

“ही डाव्या हातातली. बरीच जड आहे, काका.”

माणिकरावांनी दोन्ही तराजूत टाकल्या. काटा मधोमध राहिला. डाव्या हातातली सुरी मुद्दाम बिघडवलेली होती, तिचा तोल चार बोटे पुढे होता. “वजन एकच. कुठे ठेवलंय त्यावर हात ठरवतो,” ते म्हणाले. “तुझ्या इंदूरवाल्याला हे विचार बरं.”

“विचारतो कशाला, तो म्हणेल तराजू खराब आहे,” सौमित्र हसला आणि चोवीस सुऱ्यांचे काम देऊन गेला. जाताना त्याने हेही सांगितले की या सुऱ्या आचाऱ्यांना पसंत पडल्या, तर मित्रांच्या दोन मंगल कार्यालयांचे कामही इथेच येईल. म्हणजे भट्टी चालेल. नाही पडल्या, तर ती चालवण्याचे दुसरे कारण माणिकरावांजवळ उरले नव्हते.

हाताला वजनाची जागा कळते, हे त्यांनी स्वतः सिद्ध करून दाखवले होते. तो हात कुठून, किती उंचीवरून येतो, हा त्याच वाक्याचा उत्तरार्ध त्यांच्या मनात आला नाही. सगळ्या सुऱ्या त्यांनी वडिलांसारख्याच पारखल्या, पाटावर बसून, जमिनीवरच्या फळीवर दुधी कापून.

त्यांची पत्नी गौरीबाई यांच्या स्वयंपाकघरात दोन वर्षांपूर्वी ओटा झाला होता. गुडघे दुखू लागल्यापासून विळी कोपऱ्यात गेली होती आणि त्या ओट्यावर सुरीने चिरत. चोवीसांतली एक उचलून त्यांनी चार बटाटे चिरले.

“अहो, ही पुढे ओढते. उभं राहून जरा कापून बघा ना.”

“सुरी बसून पारखतात.”

“पारखायची बसून आणि कापायची उभ्याने? सौमित्रच्या हॉटेलात काय पाट मांडलेत? सगळीकडे ओटेच आहेत, मी बघून आले.”

“तू बटाटे चीर.”

“तेच करते आहे. म्हणून तर मला मालूम आहे, तुम्हाला नाही.”

ओटा कमरेइतका उंच असतो. उभ्या माणसाचे कोपर शरीराला लागून राहते, टोक फळीवर टेकलेले असते आणि मूठ दिवसातून हजारो वेळा वर उचलावी लागते. तिथे पुढे कललेले पाते मदत करत नाही, मनगटाला लोंबकळते. गौरीबाईंनी हे शास्त्र मांडले नाही. त्यांनी फक्त मनगट चोळले. माणिकरावांनी ते पाहिले, असे पुढे स्वतःच सांगितले.

सुऱ्या गेल्या. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उपाहारगृहाचा मुख्य आचारी रमेश फडक्यात गुंडाळलेल्या चार सुऱ्या घेऊन आला. माणूस आदबशीर. उंबऱ्याबाहेर चपला काढून आत आला आणि गाठोडे सोडले. प्रत्येक मुठीच्या शेवटी दोन-दोन लोखंडी नट बांधलेले होते आणि त्यांवर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट गुंडाळलेली होती.

“उस्ताद, धार तो गजब है,” रमेश मनगट दाबत म्हणाला. “पर दोपहर तक कलाई बोल जाती है. लड़के मना करने लगे थे. ये जुगाड़ किया, तब से आराम है. आप ही ढंग से बना दो, बाकी बीस भी ले आऊँगा.”

माणिकरावांनी त्यातली एक तर्जनीवर ठेवली. ती बरोबर गळ्यावर स्थिरावली. वजन वाढले होते आणि सुरी हलकी झाली होती. त्यांना तत्क्षणी सगळे समजले. ऑक्टोबरात सौमित्रला त्यांनी जे शिकवले, तेच आता एक आचारी ट्यूबची पट्टी बांधून त्यांना शिकवत होता. दुरुस्ती सोपी होती. मुठीच्या टोकाला पितळेचा तुकडा बसवला की झाले. चोवीस सुऱ्यांना तीन दिवस पुरले असते.

“कुणाला विचारून बांधलंस हे?”

“किससे पूछता, उस्ताद? हाथ मेरा है.”

“हाथ तेरा, चाकू मेरा,” माणिकराव म्हणाले. “बैठ के काटना सीख पहले.”

रमेश गाठोड्याशी वाकला. मग एकेक सुरी पुन्हा फडक्यात ठेवत, हसू दाबत म्हणाला, “ठीक है उस्ताद. साहब से बोलता हूँ, किचन में चौबीस पाट लगवा दें.”

गौरीबाई आतून ऐकत होत्या. तो गल्लीच्या वळणापर्यंत पोचायच्या आत त्या म्हणाल्या, “बोलवा त्याला परत.” माणिकराव उठले नाहीत. जानेवारीत सौमित्रने इंदूरहून स्टीलच्या सुऱ्या आणल्या. मंगल कार्यालयांचे काम आलेच नाही.

अहंकार हा शब्द इथे पटकन सुचतो, पण तो पुरेसा वाटत नाही. दोन बोटांचे माप चुकीचे मानणे म्हणजे साठ वर्षांच्या सुऱ्यांना चुकीचे म्हणणे, असे त्यांना वाटले असावे. ते माप बसलेल्या माणसाचे होते, आणि माणूस उठून उभा राहिला होता. यात वडिलांचा अपमान नव्हता. त्यांना हे सांगणारे कुणी नव्हते असेही म्हणता येत नाही, घरातच दोनदा सांगून झाले होते.

१९९८ च्या मार्चमध्ये त्यांनी एक सुरी केली. कुणी न सांगता तिच्या मुठीच्या शेवटी पितळ बसवले आणि आयुष्यात पहिल्यांदा ओट्यापुढे उभे राहून कांदा कापला. मग ती पत्नीच्या हातात दिली.

“आता बरोबर,” गौरीबाई म्हणाल्या. “दीड वर्ष लागलं.”

अकरा दिवसांनी तीच सुरी धुऊन, कागदात गुंडाळून ते फ्रीगंजला गेले. रमेश नोकरी सोडून बडोद्याला गेला होता. सौमित्रने चहा मागवला, सुरी बोटावर तोलून पाहिली, मनापासून वाहवा केली.

“पण काका, आता सगळा सेट बसलाय. धार गेली की फेकतो, नवी काढतो. पोरांना तोलबिल काही कळत नाही.”

“रमेशला कळत होतं.”

“हो, त्याला कळत होतं,” सौमित्र म्हणाला आणि सुरी परत कागदात गुंडाळून दिली.

घरी येऊन माणिकरावांनी सुरी पकडीत धरली आणि मुठीचे पितळ ठोकून काढले. गौरीबाई ओट्यापाशी उभ्या होत्या. “अहो, ती माझी आहे ना?” त्यांनी विचारले. “सवय लागली तर पुढे कोण करून देणार आहे?” ते म्हणाले, आणि बोटावर ठेवून पाहिली. तोल गळ्यापासून दोन बोटे पुढे आला होता.

ऑगस्ट १९९९ मध्ये भट्टी बंद झाली. माणिक जिनगर १७ जुलै २००५ रोजी वारले. २००६ साली गौरीबाईंच्या ओट्यावर प्लास्टिकच्या मुठीची सुरी होती.