वैशाखातलं तळं

धरणाचं पाणी बारा महिने एकाच जागी बसून राहतं, अशी माझी पक्की समजूत होती. वयानं लहान होते म्हणावं, तर तेव्हा पदरात दोन लेकरं होती. आता नातवंडांना हे सांगते तेव्हा ती माझ्याकडे असं बघतात, की घरातलं शहाणपण आजोबांकडून आलं असावं.

येलदरीला घर भाड्यानं घेतलं ते कार्तिकात. धरण तुडुंब. गॅलरीत उभं राहिलं की वाटे, पाय सोडून बसावं. नवऱ्याची नोकरी परभणीत. त्यांनी एवढंच विचारलं, "अन् मी रोज जायचं कसं?"

"लोक करतात की अपडाऊन," मी म्हणाले.

करतात. सकाळी निम्मं गाव एस.टी.त चढतं, जिंतूरपर्यंत उभ्यानं झोपतं, तिथून पुढं जागा मिळाली तर बसून झोपतं आणि दिवेलागणीला घडी घातलेल्या सतरंजीसारखं परत येतं. मी गॅलरीत बसून नवऱ्याची वाट बघायची. फार हौसेनं बघायची.

लोकांना सांगायची, मोकळ्या हवेसाठी आलो. खरं कारण होतं थोरल्या जाऊबाई. परभणीच्या घरात त्यांना विचारल्याशिवाय भाजीत मीठ पडत नसे आणि त्यांनी सांगितलेलं मीठ पडलं, तरी ते माझ्याच हातानं जास्त झालेलं असे. म्हणून मी रोज त्यांना फोन करून पाण्याचं कौतुक ऐकवायची. कमळं नव्हती, तीही आहेत म्हणून सांगून टाकलं.

फाल्गुनात नवऱ्याची पाठ धरली. सासूबाईंचा फोन आला, "पोराच्या पाठीचा भुगा करण्यासारखं काय हाय तिथं, ते मी डोळ्यानं बघणार. न्हाई आवडलं तर सगळे परत एका चुलीवर."

शहाणी बाई म्हणाली असती, उद्याच या. मी म्हणाले, वैशाखात या, पाण्यावरचं गार वारं असतं. पाणी रोज मागं सरकत होतं, ते मला दिसत होतं. पण मला वाटलं, ओहोटी असेल. समुद्र मी पाहिला नव्हता, ओहोटीचं मात्र मला सगळं ठाऊक होतं.

वैशाखात दोघी आल्या. बोटीत फोटो काढायचा म्हणून जाऊबाई ठेवणीतली साडी नेसून आलेल्या. मी गॅलरीत सतरंजी टाकली, पन्हं दिलं.

"कुठाय गं तुझं तळं?" जाऊबाईंनी विचारलं.

"ते काय, तिकडं चमकायलंय."

"ती म्हैस हाय."

"म्हशीच्या पलीकडं, अक्का."

"पलीकडं दुसरी म्हैस हाय."

आता रविवारी निम्मी परभणी तिथं पाणी बघायला जाते. ऐन उन्हाळ्यात गेलेले तोंड पाडून परत येतात. मला त्यांची दया यायला पाहिजे, पण हसूच येतं.

"चला, जवळून दाखवते," मी म्हणाले. पाणी हटलं की उघड्या पडलेल्या गाळात लोक टरबुजं, काकड्या लावतात. त्या वेलांमधून आमची वरात निघाली. ओळखीच्या एका मळेवालीनं सासूबाईंच्या हातावर काकडी ठेवली. त्या तिथंच बांधावर बसल्या. मी पुढं. वरून जमीन तडकलेली, वाळकी.

"इथं एकदम घट्ट हाय बरं का," असं म्हणाले आणि गुडघ्यापर्यंत आत गेले.

जाऊबाई आधी पोटभर हसल्या, मग काठावरून कारभार सुरू केला. "डावा पाय काढ आधी! अगं, डावा! तुला चिखलातून पाय काढायलाबी मीच शिकवावं का?" पाय निघाला, त्यांच्या साडीवर चिखल उडाला, चप्पल धरणाला अर्पण झाली.

"बघितलं ना आत्याबाई?" त्या सासूबाईंकडे वळल्या. "सोमवारी सामान हलवायचं. अन् ती काकडी पुरे आता, घसा धरंल."

सासूबाईंनी अर्धी काकडी गुपचूप खाली ठेवली.

घरी आलो. जाऊबाई न्हाणीत साडीचा चिखल धूत होत्या आणि आतूनच, सामानात आधी काय बांधायचं ते मला सांगत होत्या. मी पायरीवर बसून पोटरीवरचा गाळ खरवडत होते. डोळ्यांत पाणी आलेलं. धरणात नसलेलं सगळं तिथंच जमलं होतं. मनातल्या मनात मी त्या चुलीपाशी जाऊन उभीसुद्धा राहिले होते. तेवढ्यात सासूबाई आल्या, न्हाणीच्या दाराकडे एकदा बघितलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या,

"तळ्याचं नाव पुढं करू नको, धाकटे. थोरलीच्या हाताखालून सुटायला पळालीस तू, मला पहिल्या दिवशीच कळलंय. पोराच्या पाठीला मी तेल करून देते, तू ऱ्हा हितंच. अन् पुढच्या बारीला मला एकलीलाच बोलीव."